शिलालेख आणि वीरगळांच्या फोटोंसाठी जुना एस९५ बदलून कोणता कॉम्पॅक्ट घ्यावा?

दगडफूल

नमस्कार मंडळी,

सध्या कॅननचा पॉवरशॉट एस९५ वापरात आहे. २०१० चं मॉडेल, १० मेगापिक्सेल. त्यावर काम एकच चालतं: गावोगावचे वीरगळ (वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, गधेगाळ (शापवचन कोरलेल्या दानशिळा) आणि शिलालेख यांची नोंद करणं. फोटो भिंतीवर लावायचे नसतात. नंतर घरी बसून त्यावरून अक्षरं वाचायची असतात, म्हणून बारकावा महत्त्वाचा.

अडचणी अशा. गाभाऱ्यात किंवा लेण्यात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० च्या वर गेलं की दगडाचा पोत आणि फोटोतले ठिपके यांत फरक कळत नाही. स्क्रीन हलत नसल्यामुळे अर्धी शिळा जमिनीत असेल तर आडवं पडून फोटो घ्यावा लागतो. शिवाय लेन्स बाहेर येताना आता करकरते.

हवं ते असं: खिशात मावणारा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) देणारा, थोडा झूम असलेला, स्क्रीन हलणारा. बजेट ४५ हजार, चांगला सेकंड-हँड चालेल. यादीत सोनी आरएक्स१०० मार्क ३, कॅनन जी७ एक्स मार्क २, रिको जीआर ३ आणि ऑलिम्पस टीजी-६ आहेत. आणखी एक प्रश्न: बरेच जण म्हणतात, चांगला मोबाईल घे, कॅमेरा कशाला? या कामासाठी ते खरं आहे का?

---

कातळ

आधी मोबाईलचा प्रश्न, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

मोबाईल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, ठिपके पुसतो आणि कडा धारदार करतो. माणसांच्या आणि निसर्गाच्या फोटोंना हे छान दिसतं. पण आपला दगड बहुतेक वेळा बसाल्ट असतो आणि त्यात वायूच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे असतात. अक्षरावरचा ठिपका छिन्नीने पाडलेला अनुस्वार आहे की दगडातला मूळचा खळगा, हे खळग्याच्या कडेवरून ठरवायचं असतं. ती कडाच मोबाईलचं सॉफ्टवेअर गुळगुळीत तरी करतं, नाहीतर तिच्याभोवती पांढरी किनार काढून खोटी ठळक करतं. झिजलेल्या लेखात यामुळे वाचन चुकतं. मोबाईलमध्ये रॉ घेता येत असेल तर हा त्रास कमी होतो, पण सेन्सर लहान असल्यामुळे अंधारात पुन्हा तीच अडचण. जागा लक्षात ठेवायला आणि लोकेशनसाठी मोबाईल जरूर वापरा. वाचायचा फोटो मात्र रॉ देणाऱ्या कॅमेऱ्यावर घ्या.

आता सेन्सर. एस९५ चा सेन्सर साधारण ७.६ × ५.७ मिमी. ज्याला १ इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ पावणेतीनपट. टीजी-६ चा सेन्सर ६.२ × ४.६ मिमीच्या आसपास, म्हणजे तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यापेक्षाही लहान. गाभाऱ्याची तक्रार असेल तर १ इंचाच्या खाली उतरू नका.

मेगापिक्सेलचा हिशोबही करून ठेवा. ६० सेंमी रुंदीचा लेख फ्रेमभर घेतला तर एस९५ च्या ३६४८ पिक्सेलमध्ये मिलिमीटरला ६ पिक्सेल पडतात आणि १ इंची कॅमेऱ्याच्या ५४७२ पिक्सेलमध्ये ९. फरक आहे, पण थोडा. मोठी शिळा असेल तर कोणत्याही कॅमेऱ्याने तीन-चार तुकड्यांत, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवून फोटो घ्या आणि ह्युजिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. खरी कमाई स्वच्छ सावल्यांची होईल, पिक्सेलची नाही.

---

भुईकोट

यादीतल्या चौघांबद्दल.

आरएक्स१०० मार्क ३ (२०१४): २४-७० मिमी, एफ/१.८-२.८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तेवढा उजेड जास्त). स्क्रीन वर १८० अंश आणि खाली ४५ अंशांपर्यंत वळतो, वरून छोटा व्ह्यूफाइंडर बाहेर येतो, वजन २९० ग्रॅम. उन्हात माळावर उभ्या वीरगळाचा फोटो घेताना स्क्रीन काळा दिसतो, तेव्हा हा व्ह्यूफाइंडर फार उपयोगी पडतो. ७० मिमीला ३० सेंमीपर्यंत जवळ जाता येतं. टचस्क्रीन नाही.

जी७ एक्स मार्क २ (२०१६): २४-१०० मिमी, एफ/१.८-२.८. टचस्क्रीन आहे, व्ह्यूफाइंडर नाही, वजन ३१९ ग्रॅम. १०० मिमीला किमान अंतर ४० सेंमी. लेन्सभोवतीची कडी तुमच्या एस९५ सारखीच, त्यामुळे हात लगेच बसेल. बोट ठेवलं त्या अक्षरावर फोकस होतो, ही सोय लेखांच्या कामात मोठी आहे.

जीआर ३ (२०१९): सेन्सर एपीएस-सी, यादीतला सर्वांत मोठा, लेन्स अतिशय धारदार. पण झूम नाही, २८ मिमी एवढंच, आणि स्क्रीन हलत नाही. द्वारपट्टीवर दहा फूट उंचीवर लेख असेल तर हातात काही उरत नाही.

टीजी-६ (२०१९): पावसात आणि पाण्यात चालतो, १ सेंमीवरून फोटो घेतो, जीपीएस आतच आहे. नाणी, ताम्रपटातलं एखादं अक्षर, मूर्तीवरचं बारीक काम यासाठी उत्तम. अंधाऱ्या गाभाऱ्यासाठी नाही.

सोनीच्या पुढच्या मॉडेलांचा मोह टाळा. मार्क ४ आणि ५ मध्ये पैसे जातात ते वेगासाठी आणि फोरके व्हिडिओसाठी, आणि बॅटरी उलट कमी टिकते: ठरलेल्या चाचणीनुसार मार्क ३ ला ३२०, मार्क ५ ला २२० फोटो. दगड पळत नाही. मार्क ६ आणि ७ ला २०० मिमी झूम मिळतो, पण लेन्स एफ/२.८ ला सुरू होऊन एफ/४.५ पर्यंत जाते आणि पूर्ण झूमला १ मीटरच्या आत फोकस होत नाही. उंचावरचे लेख हेच मुख्य काम असेल तरच तिकडे वळा.

एक गोष्ट जाहिरातीत कळत नाही. सोनी आणि कॅनन, दोघांचाही स्क्रीन फक्त वर-खाली वळतो. वीरगळ असतो उभा, म्हणून आपण कॅमेरा उभा धरतो आणि मग वळलेला स्क्रीन बाजूला तोंड करतो, म्हणजे बिनकामाचा. जमिनीलगतच्या शिळेसाठी दोन उपाय: कॅमेरा आडवाच ठेवून खालून वर खणागणिक फोटो घ्यायचे आणि जोडायचे, किंवा वायफायने मोबाईल जोडून त्यावर चित्र बघत बटण दाबायचं. दुसरा उपाय बॅटरी खातो.

---

दगडफूल

खूप आभार. उभ्या कॅमेऱ्याची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. आता सोनी मार्क ३ आणि कॅनन मार्क २ एवढेच दोन उरले. फ्लॅश आतला वापरायचा की टॉर्च? आणि एफ/१.८ ची लेन्स आहे तर अंधारात ती पूर्ण उघडी ठेवून हातात धरूनच काढावं का?

---

तिरपा उजेड

नाही, पूर्ण उघडी ठेवू नका. तसं केलं तर मोठ्या सेन्सरचा अर्धा फायदा कोपऱ्यांत वाया जातो. या दोन्ही लेन्स एफ/४ ला सर्वांत समतोल आहेत. ७० मिमी झूम, १ मीटर अंतर आणि एफ/४ घेतलं तर साधारण १३ सेंमी खोली स्पष्ट मिळते, म्हणजे वीरगळाच्या उठावाला पुरून उरते. एफ/५.६ च्या पुढे जाऊ नका, १ इंची सेन्सरवर एफ/८ पासून चित्र मऊ पडायला लागतं. आणि २४ मिमीला जवळ जाऊन काढू नका. कडेची अक्षरं ताणली जातात आणि मोजमाप चुकतं. मागे सरका, ५० ते ७० वर झूम करा, कॅमेरा शिळेला समांतर धरा.

आतला फ्लॅश बंदच ठेवा. तो लेन्सच्या जवळ असतो, म्हणून उजेड समोरून पडतो आणि कोरलेल्या रेषेतली सावलीच नाहीशी होते. नव्या कॅमेऱ्याने लेख सपाट दिसला तर दोष कॅमेऱ्याचा नसतो, उजेडाचा असतो.

टॉर्च घ्या, एकच, लहान तोंडाची. ती दगडाच्या पृष्ठाशी १० ते २० अंशांचा कोन करून बाजूने मारायची. बहुतेक जण टॉर्च फार जवळ धरतात. ६० सेंमी रुंदीच्या लेखाच्या कडेपासून ३० सेंमीवर टॉर्च धरली तर पलीकडची कड ९० सेंमीवर पडते, म्हणजे तिथे नवव्या हिश्श्याएवढाच उजेड. एक बाजू पांढरीफटक, दुसरी काळी. तीच टॉर्च कडेपासून दीड मीटर लांब आणि पृष्ठाच्या ४० सेंमी पुढे धरली तर फरक फक्त दुपटीचा उरतो, तो रॉ फाइलमध्ये सहज सावरता येतो.

दिशा बदलून किमान चार फोटो घ्या, कॅमेरा जागचा न हलवता. देवनागरी लेखात हे फार स्पष्ट दिसतं: उजेड डावीकडून आडवा आला की काने आणि उभे दंड उठतात, पण शिरोरेषा उजेडाच्या दिशेतच असल्यामुळे विरून जाते. वरून मारला की शिरोरेषा उठते आणि काने जातात. एकच फोटो घ्यायची वेळ आली तर डाव्या-वरच्या कोपऱ्यातून तिरपा मारा, दोन्ही थोडे थोडे मिळतात. खालून मारू नका, कोरलेलं अक्षर डोळ्याला उठावदार भासतं.

सेटिंग: आयएसओ १२५, एफ/४, शटर २ ते ४ सेकंद, २ सेकंदांचा टायमर. कॅमेरा टेकवलेला असेल तर स्थिरीकरण बंद करा. अंधारात ऑटोफोकस दगडावर घुटमळतो. टॉर्च एखाद्या अक्षराच्या कडेवर सरळ मारून फोकस लावा, मग मॅन्युअल फोकसवर टाका आणि टॉर्च परत बाजूला न्या. दोन्ही कॅमेऱ्यांत मोठं करून बघायची आणि कडा रंगीत दाखवायची सोय आहे.

गाभाऱ्यात ट्यूब किंवा एलईडी दिवा चालू असेल तर तो बंद करायची विनंती करा. नाहीच झाला तर शटर १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जलद शटरला एका फोटोत उजेड कमी आणि दुसऱ्यात जास्त येतो.

उघड्यावरच्या शिळांसाठी सूर्य हीच टॉर्च. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या शिळेवर साधारण साडेअकरा ते साडेबारा या वेळात ऊन पृष्ठाला घासून उतरतं, पश्चिमेकडच्या शिळेवर त्यानंतर लगेच. उत्तरेकडे तोंड असेल तर वर्षातले बरेच महिने ऊन मिळणारच नाही. तिथे काळी छत्री धरून आभाळाचा उजेड अडवा आणि टॉर्च मारा.

आणि हात जोडून एक विनंती, नव्यांसाठी: अक्षरात खडू, पीठ, भस्म, तेल काहीही भरू नका. दगडाचं नुकसान होतं आणि भरणाऱ्याने जे वाचलं तेच फोटोत उतरतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, एवढं पुरे.

---

कातळ

वरच्या प्रतिसादाला जोड: केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी घ्यावी लागते, आणि अजिंठ्याच्या चित्रांपाशी फ्लॅशला मनाई आहे. पण कॉम्पॅक्ट कॅमेरा तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर छान बसतो. अर्धा किलो तांदूळ, घट्ट शिवलेली सुती पिशवी. उंबऱ्यावर, कट्ट्यावर, पायरीवर कुठेही ठेवून २ सेकंदांचा फोटो हलत नाही. ३०० ग्रॅमचा कॅमेरा घेण्याचा हा खरा लाभ आहे, मोठ्या कॅमेऱ्याला ती पिशवी पुरत नाही.

प्रत्येक लेखाच्या पहिल्या फोटोत १० सेंमीची पट्टी आणि (रंग जुळवायला) एक राखाडी कार्ड ठेवा. पट्टी दगडाच्या पृष्ठाला लागून ठेवायची, पुढे-मागे नाही. पुढचे फोटो पट्टीशिवाय.

---

जुना बाजार

सेकंड-हँडच घेणार असाल तर हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा कुठेही घ्या, दुकानात दहा मिनिटं मागायला लाजू नका.

पहिलं म्हणजे सेन्सरवरची धूळ. बाहेर येणारी लेन्स प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर धूळ. लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी साफ होत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. चाचणी: पूर्ण झूम, एफ/११, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो, फोकस मुद्दाम चुकवून. मोठं करून बघा. करडे गोल ठिपके दिसले आणि दुसऱ्या फोटोतही त्याच जागी असले तर तो नग सोडा. दगडाच्या फोटोत तो ठिपका बरोबर अनुस्वारासारखा दिसतो.

दुसरं, लेन्स तिरकी झाली आहे का. कॅमेरा एकदा पडला की बाहेरून ओरखडाही नसतो, पण आतली भिंगं सरकतात. भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान सपाट चिकटवा, समांतर उभे राहा, ५० मिमीच्या आसपास एफ/४ ला फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतला मजकूर सारखा वाचता आला पाहिजे. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स तिरकी आहे. चारही थोडे पुसट असतील तर तो लेन्सचा स्वभाव, चालेल.

तिसरं, बुरशी. लेन्स उघडून एका बाजूने मोबाईलची टॉर्च तिरपी मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका. कोकणातल्या कॅमेऱ्यांत हे विशेष बघा.

नंतर यंत्राची हालचाल. दहा वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी आवाज ऐका. तुमच्या एस९५ सारखी करकर आली तर कण गिअरमध्ये गेलेत. सोनी मार्क ३ चा व्ह्यूफाइंडर पाच-सहा वेळा बाहेर काढून आत ढकला, अडकता कामा नये. फ्लॅशही उघडून बघा. कॅननमध्ये स्क्रीन वर-खाली करताना चित्र लुकलुकतं का ते बघा, तिथली पट्टीसारखी वायर थकते.

बॅटरी बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा. डुगडुगली तर फुगली आहे. फुगलेली बॅटरी खाचेत अडकते आणि काढताना कॅमेरा मोडतो. सोनीला एनपी-बीएक्स१, कॅननला एनबी-१३एल. तुमच्या एनबी-६एल चा दोन्हींत उपयोग नाही. एक जादा बॅटरी धरूनच बजेट मांडा. दोन्ही कॅमेरे यूएसबीने, साध्या पॉवरबँकेवरही चार्ज होतात, पण भोक जुन्या मायक्रो प्रकारचं आहे. ती केबल पिशवीत कायम ठेवा.

नवा घेत असाल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली आहे का बघा. हे नसेल तर माल दुसऱ्या वाटेने आलेला असतो आणि इथली वॉरंटी लागू होत नाही. नातेवाईक जपानहून सोनी आणणार असतील तर आधीच सांगा: तिथल्या बाजारासाठीच्या सोनी कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी असतो, तो बदलता येत नाही.

---

दगडफूल

उंचावरचे लेख बरेच असल्यामुळे आणि बोटाने फोकस लावायच्या सोयीमुळे कॅनन मार्क २ कडे कल झाला आहे. शेवटच्या दोन शंका. जुनी ८ जीबीची कार्डं चालतील का? आणि कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं जुनं लाइटरूम ६ आहे, नव्या रॉ फाइल उघडतील का?

---

भुईकोट

कार्डं चालतील, पण आधीचे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि मग कार्ड नव्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नाही. रॉ आणि जेपेग दोन्ही घेतले तर एका फोटोला २५ ते ३० एमबी धरा. म्हणजे ८ जीबीत अडीचशे-तीनशे फोटो. दिवसाला एक कार्ड, असं ठेवलंत तर उलट बरंच. एक कार्ड बिघडलं तरी सगळा दौरा जात नाही.

रॉ फाइलबाबत तुमची निवड सोयीची पडली. मार्क २ सीआर२ प्रकारची फाइल देतो, एस९५ सारखीच. लाइटरूम ६ ची शेवटची अपडेट टाकलेली असेल तर उघडेल. कॅननचाच जी७ एक्स मार्क ३ घेतला असता तर सीआर३ आली असती आणि जुनं लाइटरूम तिला हात लावत नाही. तशी वेळ कुणावर आली तर कॅननचं डीपीपी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, डार्कटेबलही आहे.

कॅमेरा हातात आल्यावर पहिल्या दिवशी एवढं करा: घड्याळ मोबाईलशी सेकंदापर्यंत जुळवा. मोबाईलवर जीपीएसची नोंद चालू ठेवलीत तर घरी वेळेवरून प्रत्येक फोटोला जागा जोडता येते. पाच मिनिटांची चूक असेल तर शेजारच्या गावचा वीरगळ या गावात जातो. फाइलचे क्रमांक सलग ठेवायचा पर्याय मेनूत आहे, तोही निवडा. दर कार्डाला परत १ पासून सुरू झालं तर एकाच नावाचे फोटो होतात आणि एकावर एक चढतात.

---

तिरपा उजेड

आणि एस९५ विकू नका. लेन्स करकरत असली तरी उघडते आहे तोवर पट्टीसह नोंदीचे फोटो, फलक, देवळाचा नकाशा, आसपासचा परिसर यासाठी वापरा. नव्या कॅमेऱ्याची लेन्स तेवढी कमी वेळा आत-बाहेर होईल, धूळ तेवढी कमी जाईल. पावसाळ्यात दोन्ही कॅमेरे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. लेदरच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. थंड गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मग चालू करा, नाहीतर आतल्या भिंगावर वाफ धरते आणि ती पुसता येत नाही.